दोन, पण कसले?

जावई वरच्या मजल्यावर राहत असताना, रोज संध्याकाळी एकाच टेबलावर जेवत असताना आणि सकाळी एकाच कारखान्याच्या फाटकातून आत शिरत असताना त्याच्याशी एक अक्षरही न बोलता जगता येतं, हे पौंडकाकांनी करून दाखवलं होतं. म्हणाल तर कमाल, म्हणाल तर निव्वळ आडमुठेपणा. काकांच्या बायकोला विचारलंत तर ती तिसराच शब्द वापरायची, तो इथे नको.

कारखाना मेणबत्त्यांचा. मेण कुठून येतं म्हणून विचारलं तर लोक मधमाश्यांकडे बोट दाखवतात. इथलं मेण तेलापासून व्हायचं. साधं पातळ तेल मोठ्या बंद भांड्यात तापवायचं, त्यात हायड्रोजन वायू सोडायचा, की तेल तो वायू पितं आणि घट्ट होतं. वायू बेताचा मिळाला तर मेणबत्ती ताठ उभी राहते. जास्त झाला तर मेण इतकं ठिसूळ होतं की टेबलावरून पडलं तर तुकडे वेचत बसा. आणि कमी पडला तर जे होतं ते पुढे येईलच. सांगायचा मुद्दा काय, तर सगळं घोडं एकाच प्रश्नापाशी पेंड खायचं. वायू किती सोडायचा?

आता वायू म्हणजे काही बटाटे नव्हेत, तागडीत टाकले आणि झालं. त्याचे कण मोजावे लागतात, आणि एक एक करून मोजायला बसलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. म्हणून जशी केळी डझनावर, तसे कण मोलवर. मोल म्हणजे कणांचं एक भलंमोठं डझन समजा. पाइपातून अमुक वेळात किती मोल गेले ते बघायचं, बस्स. इतकं सरळ आहे. पण सरळ गोष्ट सरळ राहू दिली तर ती माणसं कसली!

गॅसघर पौंडकाकांच्या ताब्यात होतं. तिथलं मीटर जुनं, पितळी तबकडीचं, आणि ते दाखवायचं पौंड-मोल, दर तासाला. पौंड-मोल म्हणजे साध्या मोलाचा धिप्पाड थोरला भाऊ. एका पौंड-मोलात साडेचारशेच्या वर साधे मोल मावतात. जावयाच्या मेण बनवायच्या नव्या लाइनवरचं मीटर चकचकीत, लाल आकड्यांचं, आणि ते दाखवायचं साधे मोल, दर सेकंदाला. म्हणजे एकाचं टोपलं मोठं आणि घड्याळ सुस्त, दुसऱ्याची वाटी लहान आणि घड्याळ घाईचं. वायू तोच आणि पाइपही तोच. सासऱ्याच्या आकड्याला आठने भागलं की जावयाचा आकडा निघतो, जावयाच्या आकड्याला आठने गुणलं की सासऱ्याचा. म्हणून कारखान्यात सासरे झाले पौंडकाका आणि जावई झाले सेकंदराव. ही नावं तोंडावर कुणी घेत नसे, आणि पाठीमागे दुसरी कुठली घेत नसे.

"आठ नाही, सात पूर्णांक चौऱ्याण्णव," असं दोघेही म्हणायचे. जगात दोघांचं एकमत असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

भांडणाला सुरुवात झाली ती कौतुकातून, हे त्यातलं दुर्दैव. लग्न ठरल्यावर होणारा जावई गॅसघर बघायला आला. पितळी मीटरवरून हात फिरवत म्हणाला, "अरे वा! हे अजून चालतं? हे तर संग्रहालयात शोभेल." त्याच्या मनात खोट नव्हती, त्याला खरंच ते आवडलं होतं. पण पौंडकाकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लेक शेजारीच उभी होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "सांग त्याला, तो शाळेत जायच्या आधीपासून हे मीटर बरोबर दाखवतंय." जावईही काही कमी नव्हता, शेरास सव्वाशेर. तोही तिच्याकडेच बघून म्हणाला, "सांग बाबांना, बरोबर दाखवतंय, पण जगाने कधीच सोडून दिलेल्या मापात."

ते "सांग" जे चिकटलं ते चिकटलंच. लग्न झालं, संसार सुरू झाला, दोघं वरच्या मजल्यावर राहायला आली, तरी लेक मधे आणि सासरा-जावई दोन बाजूंना. जेवायच्या टेबलावर तर तिचं ताट थंड व्हायचं. काका म्हणायचे, "तुझ्या नवऱ्याला सांग, वरचा नळ गळतोय, तासाला तांब्या भरतो." तिने मान वळवायच्या आत नवरा म्हणायचा, "बाबांना सांग, सेकंदाला दोन थेंब पडतात, बघितलंय मी." मग लेकीने मनातल्या मनात थेंबांचा तांब्या करायचा, तांब्याचे थेंब करायचे, आणि दोघांनाही सांगायचं की तुम्ही एकच बोलताय. त्याने दोघांचाही मूड जायचा.

लेक शिवणकाम करायची. कारखान्यासमोरच तिचं दुकान, सगळ्या कामगारांचे निळे डगले तिच्याच मशीनवरून उतरायचे. एकदा वैतागून तिने गळ्यातली टेप काढून टेबलावर आपटली होती. "ही बघा! एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. एकाने दुसऱ्याशी अबोला धरलेला ऐकलाय का कधी?"

"सांग तिला," काका चुकून बायकोकडे वळून म्हणाले, "टेपला स्वाभिमान नसतो."

"मला कशाला सांगता? ती काय परदेशात बसलीय?" बायको म्हणाली. "तुमचा सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. वाढू का आणखी?"

असं सगळं सुखात चाललेलं असताना नव्या लाइनच्या चाचणीचा दिवस ठरला.

चाचणी बघायला स्वतः मालकीणबाई येणार होत्या. मालकीणबाई म्हणजे वयाने थोर, बोलायला मोजक्या, आणि नवऱ्यामागे तीन कारखाने एकटीने सांभाळलेली बाई. त्यांनी आधीच निरोप धाडला होता: आकडा गॅसघराने द्यायचा, कारण तेलाची नस गॅसघराला कळते, व्हॉल्व्ह नव्या लाइनने फिरवायचा, कारण लाइन त्यांची, आणि दोघांच्या मधे दुसरं कुणीही नको. मेणबत्ती नीट उभी राहिली तर सेकंदराव इथेच नव्या लाइनचे प्रमुख. नाही राहिली, तर त्यांना समुद्राकाठच्या कारखान्यात पाठवायचं. तिथे जायला गाडीने दोन दिवस लागत.

ही बातमी लेक घेऊन आली. काका अंगणात झाडांना पाणी घालत होते. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, त्यांना तिकडे पाठवलं तर मीही जाणार."

"कुठे?"

"समुद्राकाठी. दुकान बंद करीन. तिकडे नवीन काढीन."

"सांग त्याला..." काका बोलायला लागले आणि थांबले. काय सांगायचं? जाऊ नकोस म्हणून सांगायचं की जाऊन दाखव म्हणून? पाण्याची झारी हातात तशीच राहिली आणि गुलाबाच्या मुळाशी तळं साचलं. लेक दोन दिवसांच्या अंतरावर जाणार, वरच्या मजल्यावर पावलं वाजणार नाहीत, तिच्या मशीनची खडखड फाटकातून ऐकू येणार नाही. एवढा मोठा गडी, पण खरं सांगायचं तर त्यांना रडू यायचं बाकी होतं.

"उत्तम चालेल चाचणी," ते खाकरून म्हणाले. "माझा आकडा कधी चुकलाय का?"

"तुमचा आकडा चुकत नाही, बाबा. त्यांचाही चुकत नाही. तुम्ही दोघं चुकता," लेक म्हणाली आणि वर निघून गेली.

हे शब्द काकांना लागले. दोन दिवस त्यांनी गळक्या नळाचं नावही काढलं नाही. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. आणि मग त्यांच्या मनाने घेतलं की आता आपणच नमतं घ्यायचं. म्हातारपणी झुकलं तर काही कमरेचं हाड मोडत नाही. आकडा द्यायचा तो जावयाच्या मापात, मोल प्रति सेकंद. कुणाला सांगायचं नाही, लेकीलाही नाही. एकदम द्यायचा. पोरगा थक्क झाला पाहिजे.

ठरवणं सोपं होतं. पण इतकी वर्षं ज्या शब्दांना नाकं मुरडली ते शब्द तोंडातून निघायला हवेत ना! चाचणीच्या दिवशी सकाळी दाढी करताना काका आरशासमोर सराव करत होते. "मोल प्रति... मोल प्रति..." 'सेकंद' म्हटलं की ओठ वाकडा व्हायचा आणि वस्तरा घसरायचा. गालावर दोन ठिकाणी कापूस चिकटवून ते बाहेर आले.

"कुणाशी बोलत होतात?" बायकोने विचारलं.

"कुणाशी नाही."

"मला वाटलं, जावयाशीच बोलायला लागलात की काय! म्हटलं, सूर्य कुठून उगवला ते बघून यावं."

आज बायकोलाही माफी होती.

गॅसघरात गेल्यावर त्यांनी तेलाचा नमुना घेतला, उजेडात धरला, तपासणीचे सगळे सोपस्कार केले आणि आकडा काढला. सोळा पौंड-मोल दर तासाला. सोळाला आठने भागा, दोन. सात पूर्णांक चौऱ्याण्णवने भागा, दोनच्या वर केसभर. दोनच धरू. भागाकार करताना काकांना कुणाच्या तरी लग्नात आपलीच अंगठी काढून दिल्यासारखं वाटलं, पण दिली.

मग फोन उचलला. नव्या लाइनच्या खोलीत घंटी वाजली. पलीकडून जावयाचा आवाज आला, "हॅलो? बाबा?"

लग्नानंतर पहिल्यांदा तो थेट त्यांच्याशी बोलत होता. काकांचं वाक्य तयार होतं, अगदी शिवून इस्त्री करून ठेवलं होतं: "जावईबापू, दोन मोल प्रति सेकंद." तोंड उघडलं.

"दोन," ते म्हणाले. पुढचं काही केल्या बाहेर येईना. मोल घशात अडकला, सेकंद तर पोटातच राहिला.

"दोन?" पलीकडून प्रश्न आला.

"दोन!" काकांनी ओरडून सांगितलं आणि फोन ठेवून दिला. कपाळावरचा घाम पुसला. आज आपण केवढं मोठं काम केलं, या विचाराने त्यांची छाती भरून आली. त्यांनी स्वतःसाठी चहा मागवला, आणि बिस्किटही.

भांड्यात तेल तापलं, व्हॉल्व्ह उघडला, वायू सुरू झाला. पितळी मीटरचा काटा आज जागचा फारसा हलला नाही, पण काका तिकडे बघतच नव्हते. ते खिडकीत उभे राहून लेकीच्या दुकानाकडे बघत होते. एरवी दिवसातून शंभरदा मीटरकडे बघणारा माणूस! पण आनंदात माणसाचे डोळे कुठे असतात ते त्यालाच ठाऊक नसतं.

दुपारी नव्या लाइनसमोर खुर्च्या मांडल्या. मालकीणबाई मधल्या खुर्चीत बसल्या. कामगारांच्या घरची माणसं आली होती. काकांची बायको होती, आणि लेक दुकान अर्धवट सोडून, डोक्यात टाचणी तशीच ठेवून आली होती. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला जावई. काकांनी आज पहिल्यांदा जावयाकडे बघून मान हलवली. आणि आश्चर्य म्हणजे जावयानेही हलवली, वर थोडं हसलाही. काका मनात म्हणाले, पोरगा वाईट नाही.

भांड्यातून मेण काढून साच्यात ओतलं, साचा थंड पाण्यात ठेवला. मग जावयाने साचा उघडला आणि मेणबत्ती बाहेर काढून मालकीणबाईंसमोरच्या बशीत उभी केली.

ती उभी राहिली. क्षणभर. मग तिने जरा मान टाकली. मग कमरेत वाकली. मालकीणबाई चष्मा पुसून पुढे झुकल्या, तर मेणबत्ती त्यांच्याकडेच झुकायला लागली, आणि दोघी समोरासमोर नमस्कार करताहेत असं काही वेळ दिसलं. मग मेणबत्तीने बशीत पाय पसरले आणि दुपारच्या झोपेला लागावं तशी आडवी झाली. वात तेवढी वर राहिली.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी त्याला कोपर मारलं.

"हे मेण आहे की मलम?" मालकीणबाईंनी बोटाने दाबून बघितलं. बोट आत गेलं.

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर समुद्राकाठचा कारखाना स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. मी एवढा नमलो, आणि या पठ्ठ्याने वायूच कमी सोडला! मुद्दाम! मला तोंडघशी पाडायला! पण स्वतःच्याच चाचणीत, स्वतःच्याच बायकोला दोन दिवस लांब न्यायला कुणी असं करेल का, हा विचार यायला काकांना थोडा वेळ लागला. रागाला पाय असतात, विचाराला काठी लागते.

"वायू किती सोडलात?" मालकीणबाईंनी जावयाला विचारलं.

"पाव मोल, सेकंदाला," जावई म्हणाला.

"पाव?" काका किंचाळले. "पाव कुठून आला? मी दोन सांगितले होते!"

"हो ना, दोन!" जावई त्यांच्याकडे वळला. "दोन भागिले आठ, पाव!"

"भागिले कशाला? मी भागूनच दिले होते!"

"तुम्ही कशाला भागले? तुम्ही कधी भागता का?"

"आज भागले! तुझ्यासाठी भागले, गाढवा!"

जावयाचं तोंड उघडंच राहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "आणि मी तुमच्यासाठी पौंडात घेतले, बाबा. मी ठरवलं होतं, आज जे सांगाल ते तुमच्याच मापात घ्यायचं. एका शब्दाने विचारायचं नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"पण दोन पौंड-मोल म्हणजे काहीच नाही! एवढ्या तेलाला एवढा वायू? तू इंजिनियर आहेस की कोण? तुझं स्वतःचं गणित काय म्हणत होतं?"

जावयाने मान खाली घातली. "दोन मोल सेकंदाला."

"म्हणजे माझ्याइतकंच?"

"हो."

"आणि फोनवर मी काय म्हणालो?"

"दोन."

"मग गाढवा, जुळलं होतं ना!"

"वाटलं, योगायोग असेल!" जावयाचाही आवाज चढला. "माझं गणित चुकलं असेल हे मी मानू शकत होतो, बाबा. मेण घट्ट करायची एखादी युक्ती तुम्हाला माहीत असेल आणि मला नसेल, हेही मानू शकत होतो. पण तुम्ही सेकंदात बोलाल हे? जग उलटं झालं असतं तरी हे माझ्या मनात आलं नसतं!"

पोराने स्वतःचं गणित बाजूला ठेवलं होतं, काकांच्या शब्दावर विश्वास ठेवून. आणि ते मात्र मघाशी त्याला मनात शिव्या घालत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळीपर्यंत.

"बाई," ते मालकीणबाईंकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. मी नुसतं दोन म्हणालो. कसले दोन ते म्हणालो नाही. इतक्या वर्षांत कुणी शिकाऊ माणूस असं बोलला असता तर मी त्याला फाटकाबाहेर काढला असता. या पोराला कुठे पाठवू नका."

"चूक माझी," जावई पुढे झाला. "कसले दोन, हे मी विचारायला हवं होतं. विचारणं माझं काम आहे."

"विचारायला मी वेळ दिला का? मी फोन आपटला."

"मी पुन्हा लावू शकत होतो."

"मी उचलला नसता!"

"मी गॅसघरात पळत आलो असतो!"

"चूक माझी आहे म्हटलं ना! वडीलधाऱ्या माणसाशी वाद घालतोस?"

मालकीणबाई खुर्चीत मागे टेकून ऐकत होत्या. त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. "तू कोण यांची?"

"एकाची मुलगी, एकाची बायको."

"हे नेहमी असेच भांडतात?"

"नाही हो," लेक म्हणाली. "आज पहिल्यांदाच भांडतायत. एरवी बोलतच नाहीत."

मालकीणबाईंनी हातातल्या काठीने फरशीवर ठोकलं. "पुरे. मेण परत भांड्यात घाला. अजून वायू पाजता येतो ना त्याला? मग पाजा. मी जेवून येते. आल्यावर मेणबत्ती उभी दिसली पाहिजे, आणि ती मला नमस्कार करता कामा नये."

मग जी धावपळ उडाली ती काय वर्णावी! मेण भांड्यात गेलं. काका नव्या लाइनच्या खोलीत गेले, पहिल्यांदाच, आणि लाल आकड्यांसमोर उभे राहिले. जावई एक हात व्हॉल्व्हवर ठेवून म्हणाला, "बाबा, सोळा करू?"

"सोळा कसले?"

"पौंड-मोल, तासाला."

"पण तुझं मीटर सेकंदात आहे."

"मी मनात भागतो."

"मनात काही भागू नकोस! जे काय भागायचं ते मोठ्याने भाग!" काकांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, दीर्घ श्वास घेतला, आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापू, दोन मोल, प्रति सेकंद!"

बाहेर कामगारांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वळून त्यांच्याकडे असं बघितलं की टाळ्या लगेच थांबल्या.

दुसरी मेणबत्ती सरळ उभी राहिली. मालकीणबाईंनी ती चारी बाजूंनी बघितली, टिचकी मारली, पेटवली, आणि ज्योत स्थिर झाल्यावर म्हणाल्या, "ठीक. सेकंदराव इथेच राहतील." हे नाव त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. "पण एक अट आहे. यापुढे या कारखान्यात माप एकच. गॅसघरातही तेच आणि लाइनवरही तेच. बोला, कुठलं ठेवायचं?"

"मोल प्रति सेकंद," काका म्हणाले.

"पौंड-मोल प्रति तास," जावई त्याच दमात म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "अहो, तुमचं ठेवू," जावई म्हणाला. "नाही, तुमचंच," काका म्हणाले. "तुमचं मीटर जुनं आहे, त्याचा मान आहे." "जुनं असू दे, नव्याचे दिवस आहेत." "पण बाबा..." "एकदा सांगितलं ना!" आवाज पुन्हा चढायला लागले.

"झालं?" मालकीणबाई उठल्या. "आता दोन्ही नको. माझ्या बाकीच्या दोन्ही कारखान्यांत किलोमोल प्रति तास चालतं. इथेही तेच. उद्यापासून मीटर बदला. आजचे तुमचे दोन म्हणजे सात पूर्णांक दोन." आणि त्या निघूनही गेल्या.

मागे काका आणि जावई दोघेच उभे राहिले. दोघांच्याही चेहऱ्यावर घरात चोर शिरून गेल्यासारखा भाव होता.

"किलोमोल?" काका शेवटी म्हणाले.

"प्रति तास," जावई म्हणाला.

"म्हणजे हजार मोलांचं टोपलं दुसऱ्याचंच, आणि घड्याळ मात्र माझं ढापलं."

"आणि पूर्णांकात यायचं नाही, बाबा. दर वेळी तीन पूर्णांक सहाने गुणा, तीन पूर्णांक सहाने भागा. ही काय पद्धत झाली?"

"पद्धत? अहो जावईबापू, हा अन्याय आहे!"

फाटकातून बाहेर पडेपर्यंत दोघांनी किलोमोलची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली होती. रस्त्यावर सावल्या लांबल्या होत्या. काकांची बायको कामं पडलीत म्हणून आधीच घरी गेली होती. दोघे खांद्याला खांदा लावून चालत होते, हातवारे करत होते, मधेच थांबून रस्त्यावरच्या धुळीत बोटाने भागाकार मांडत होते. बोलण्याच्या ओघात काका सवयीने म्हणाले, "सांग तुझ्या नवऱ्याला..." आणि वळून बघितलं तर लेक शेजारी नव्हतीच. ती बरीच मागे राहिली होती.

ते थांबले. ती हळूहळू आली. तिचे डोळे लाल होते.

"काय गं पोरी? पाय दुखतात का?"

"नाही."

"मग मागे का राहिलीस?"

"मधे चालायची सवय होती ना," ती म्हणाली. "आज कडेने चालून बघत होते." ती हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आला. "खूप दमले होते हो मी, बाबा."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. रोज समोर बसून जेवणारी पोर, तिचं ताट रोज थंड होत होतं, आणि त्यांना इतक्या वर्षांत ते दिसलं नव्हतं. जावयाचीही मान खाली गेली होती. काकांना क्षमा मागायची होती, पण आजच्या दिवसात जेवढे शब्द तोंडातून निघायचे होते तेवढे निघून गेले होते. त्यांनी लेकीच्या खांद्यावरची शिवणाची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. जावयाने तिच्या केसांत अडकलेली टाचणी काढली आणि स्वतःच्या कॉलरला खोचली.

"चला," काका घसा साफ करून म्हणाले. "हं, तर जावईबापू, ते तीन पूर्णांक सहाचं काय म्हणत होतात?"

आणि दोघे पुन्हा, मागून येणाऱ्या लेकीला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, किलोमोलला शिव्या घालत घराकडे निघाले.